फोन लागला नाही तरी भेट चुकू नये यासाठी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही सहा जण, चौघे पुण्याचे, एक मैत्रीण नाशिकची आणि एक मित्र कोल्हापूरचा, मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरील पुढच्या लोलापालूझा या दोन दिवसांच्या संगीत महोत्सवाला जाणार आहात. मागच्या खेपेस तुमच्यापैकी तिघे गेले होते. तेव्हा संध्याकाळी सहानंतर फोन लागेनासे झाले, व्हॉट्सअ‍ॅपवर एकच टिक दिसत राहिली, आणि ज्या बँडसाठी तिकिटे काढली होती त्याचा अर्धा कार्यक्रम एकमेकांना शोधण्यात गेला. म्हणून या वेळी कोणते अ‍ॅप घ्यावे, वॉकीटॉकी आणावी का आणि कोणत्या कंपनीचे सिम चांगले, असे तुम्ही विचारले आहे.

मी गेली अठरा वर्षे मोठ्या मैदानी कार्यक्रमांच्या नियंत्रण कक्षात वायरलेस आणि संपर्काचे काम पाहते. 'माझे मित्र सापडत नाहीत' असे सांगत मदतकक्षात येणारी माणसे मला प्रत्येक कार्यक्रमात भेटतात, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांच्या हातात चांगला, चार्ज असलेला, पूर्ण रेंज दाखवणारा फोन असतो. त्यामुळे अ‍ॅपची निवड हा तुमचा खरा प्रश्न आहे असे मला वाटत नाही. तुमच्या योजनेत कुठे ना कुठे 'तिथे गेल्यावर फोन करू' हे वाक्य होते, आणि योजनेचा तो एकच खांब गर्दीत सर्वांत आधी कोसळतो. एकही निरोप पोहोचला नाही तरी सहाही जणांना कधी, कुठे जायचे आणि कोणी न आल्यास काय करायचे हे आधीच ठाऊक असावे, अशी व्यवस्था करणे हे तुमचे खरे काम आहे. ती व्यवस्था उभी राहिल्यावर फोन जेवढा चालेल तेवढा उपयोगी पडेल.

आधी फोन का लागत नाही ते समजून घ्या, कारण ते समजले की पुढचे निर्णय सोपे होतात. पडद्यावरच्या काड्या टॉवरचा आवाज तुमच्यापर्यंत किती जोरात येतो एवढेच सांगतात. तुमचे ऐकून घ्यायला टॉवरला सवड आहे की नाही हे त्या सांगत नाहीत. फोरजीमध्ये शांत पडलेल्या फोनला काही पाठवायचे असेल तर त्याला आधी टॉवरला एक छोटी हाक द्यावी लागते. एका सेलमध्ये, म्हणजे टॉवरने सांभाळलेल्या एका टापूत, अशा हाकांचे ६४ नमुने असतात आणि फोन त्यांतला एक कोणताही उचलतो. दोन फोनांनी एकाच क्षणी तोच नमुना उचलला की त्यांच्या हाका एकमेकींत मिसळतात आणि दोघांनाही थोडे थांबून पुन्हा प्रयत्न करावा लागतो. रोजच्या रस्त्यावर हे तुमच्या लक्षातही येत नाही. पण एका मैदानात हजारो लोक एकाच गाण्याला फोन वर करून व्हिडिओ पाठवू लागले की हाका देणाऱ्यांचीच झुंबड उडते, आणि ज्यांची हाक ऐकली गेली त्यांनाही पाठवण्याची वाट अपुरी पडते. अशा ठिकाणी गाडीवर बसवलेले तात्पुरते टॉवर आणले जातात आणि त्यांनी फरक पडतो. तरीही मुख्य कलाकाराच्या आधीचा अर्धा तास आणि कार्यक्रम सुटल्यानंतरचा तास हे दोन्ही काळ मी नेहमी संपर्काविना गेलेले गृहीत धरते.

यातून सिमच्या प्रश्नाचेही उत्तर निघते. अमुक कंपनीचेच घ्या असे मी प्रामाणिकपणे सांगू शकत नाही, कारण त्या मैदानाभोवती त्या दिवशी कोणाचे ग्राहक किती आणि कोणी किती तात्पुरती क्षमता आणली यावर ते अवलंबून असते. मात्र सहाही जण एकाच कंपनीवर विसंबून असतील तर तो धोका टाळण्यासारखा आहे. तुमच्या सहा जणांत किमान दोन कंपन्या असाव्यात, आणि प्रत्येक जोडीत शक्यतो दोन वेगवेगळ्या असाव्यात.

व्हॉट्सअ‍ॅपच्या खुणा नीट वाचता आल्या तरी पुष्कळ घालमेल वाचते. निरोपाखाली घड्याळाची खूण असेल तर तो तुमच्याच फोनमधून बाहेर पडलेला नाही. एक टिक असेल तर तो तुमच्याकडून गेला आहे, पण समोरच्याच्या फोनपर्यंत पोहोचलेला नाही. पहिल्या वेळी जागा तुम्ही बदलायची असते, दुसऱ्या वेळी तुम्ही काहीही केले तरी उपयोग नसतो. गटात तर आणखी एक अडचण आहे: सर्वांना निरोप मिळाल्याखेरीज दुसरी टिक येत नाही, त्यामुळे पाच जणांना मिळाला आणि एकाचाच फोन बंद पडला असला तरी तुम्हाला एकच टिक दिसते. तुमच्या मागच्या अनुभवात 'कोणालाच काही मिळत नाही' असे जे वाटले, त्यात या गैरसमजाचा वाटा असावा असा माझा अंदाज आहे. त्या दिवशी महत्त्वाचे निरोप गटात न टाकता ज्याला हवे त्यालाच स्वतंत्र पाठवावेत.

साधा एसएमएस हा गर्दीत अजूनही अधिक भरवशाचा आहे. तो फार लहान असतो आणि समोरचा फोन आवाक्यात नसेल तर कंपनीकडे थांबून राहून पुन्हा पुन्हा पोहोचण्याचा प्रयत्न करतो. मात्र तीन गोष्टी सांभाळा. एक, तुमच्या फोनवरचा निरोप खरोखर एसएमएस म्हणून जातो आहे याची खात्री करा. गुगल मेसेजेसमध्ये आरसीएस चालू असेल किंवा आयफोनवरून आयफोनला आयमेसेज जात असेल तर तो नेटवरूनच जाणार, म्हणून त्या दोन दिवसांपुरत्या या सोयी बंद ठेवणे बरे. दुसरे, देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७० अक्षरचिन्हे मावतात आणि रोमन लिपीत १६०. लांब निरोपाचे तुकडे होतात आणि एखादा तुकडा अडकला की सगळाच निरोप अर्थहीन होऊ शकतो. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: प्रत्येक निरोपात पाठवल्याची वेळ लिहा. एका कार्यक्रमात रात्री दहाच्या सुमारास पाठवलेला 'मी गेटवर उभी आहे' हा एसएमएस मैत्रिणींना सव्वा वाजता मिळाला. त्या घरी पोहोचत आल्या होत्या. ती अजून तिथे एकटी उभी असेल या भीतीने त्या टॅक्सी वळवून परत आल्या, आणि ती मुलगी तोवर सुखरूप घरी झोपलेली होती. '९.५० मी गेटवर, १०.१५ पर्यंत थांबते' असे लिहिले असते तर हे घडले नसते.

आता मुख्य भागाकडे, म्हणजे जागा आणि वेळ यांच्याकडे येते.

हे मी कोणत्याही यंत्राकडून शिकले नाही, वारीतून शिकले. माझ्या माहेरी पालखीच्या वाटेवर राहणारे नातेवाईक आहेत आणि लहानपणी आम्ही दोन-तीन मुक्काम दिंडीबरोबर चालायचो. लाखोंच्या त्या प्रवाहात हरवलेला वारकरी घाबरत नाही, कारण ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्यात प्रत्येक नोंदलेल्या दिंडीला रथापुढील किंवा रथामागील असा ठरलेला क्रमांक असतो. रथ कुठे आहे हे कोणीही सांगू शकते, आणि रथ कळला की आपली दिंडी कुठे हेही कळते. मुक्कामाचे गाव आधीपासून ठरलेले असते. संध्याकाळी समाजआरतीला सगळ्या दिंड्या एकत्र येतात, चोपदाराने दंड उंचावला की एवढा मोठा समुदाय शांत होतो, आणि हरवले-सापडलेले तिथे पुकारले जाते. या व्यवस्थेत सर्वांना दिसणारी एक खूण आहे, त्या खुणेपासून मोजलेली प्रत्येकाची जागा आहे, आणि दिवसाच्या शेवटी न चुकणारी एक वेळ आहे. सहा मित्रांना याहून वेगळे काही लागत नाही.

खूण कोणती निवडावी? 'स्टेजसमोर' ही जागा नव्हे, ती काही हजार माणसे आहेत. प्रवेशद्वाराची कमान, मोठी शोभेची अक्षरे, खाण्याचे स्टॉल या जागा इतर सगळेही निवडतात, त्यामुळे तिथे गर्दीतच गर्दी उभी राहते. मी नेहमी कन्सोलचा मनोरा सुचवते. मोठ्या स्टेजच्या समोर, प्रेक्षकांच्या मधोमध, जिथून आवाज आणि प्रकाश नियंत्रित करतात तो बॅरिकेड लावलेला मचाणासारखा मनोरा तुम्ही पाहिला असेल. तो कार्यक्रमभर हलत नाही, उंच असतो, आणि त्याच्या पाठीमागून स्टेज नीट दिसत नसल्यामुळे तिथे गर्दी विरळ राहते. एवढे गुण एका जागेत क्वचित मिळतात. लोलापालूझात चार स्टेज असतात, म्हणून नुसते 'कन्सोल' म्हणू नका. कोणत्या स्टेजचा तेही ठरवा आणि एकच ठरवा.

त्यातही बाजू सांगण्याची पद्धत ठरलेली हवी. दोघी बहिणी एकाच मनोऱ्याच्या दोन अंगांना चाळीस मिनिटे उभ्या होत्या असा प्रसंग मी स्वतः सोडवला आहे. दोघींनीही 'डावीकडे' हाच शब्द वापरला होता. एकीने स्टेजकडे तोंड करून डावी बाजू मोजली होती आणि दुसरीने स्टेजकडे पाठ करून. दोघींच्या मधे फार तर दहा-बारा पावलांचे अंतर होते. तेव्हापासून मी सर्वांना सांगते की बाजू नेहमी स्टेजकडे तोंड करूनच बोलायची. 'स्टेजकडे तोंड, कन्सोलच्या मागचा डावा कोपरा' हे शब्द तुम्हाला आज जड वाटतील, पण त्यात चूक करायला जागा उरत नाही.

ही जागा घरी बसून नकाशावरून पक्की करू नका. मांडणी दर वर्षी थोडी बदलते आणि नकाशावर मोकळी दिसणारी जागा प्रत्यक्षात जनरेटरच्या कुंपणाला लागून असू शकते. आत शिरल्यावर पहिला अर्धा तास सहाही जणांनी एकत्र चालून काढा, निवडलेल्या कोपऱ्यात प्रत्यक्ष उभे राहा, आणि अंधार पडल्यावर तिथे उजेड असेल का हे वर दिव्यांच्या खांबांकडे पाहून ठरवा. तो कोपरा पायांनी ओळखीचा झाला पाहिजे. पाण्याची सोय, वैद्यकीय कक्ष आणि मदतकक्ष याच फेरीत पाहून घ्या. त्याच वेळी सहा जणांचा एक पूर्ण उंचीचा फोटो काढून प्रत्येकाच्या फोनमध्ये ठेवा. कोणी हरवले तर आम्हाला 'काळा टी-शर्ट' या वर्णनापेक्षा त्या दिवशीचे कपडे दाखवणारा फोटो कितीतरी अधिक उपयोगी पडतो.

वेळांबाबत एक गोष्ट अनुभवाने सांगते. बहुतेक लोक 'हा कार्यक्रम संपला की भेटू' असे ठरवतात, आणि नेमक्या त्याच क्षणी हजारो लोक एका स्टेजकडून दुसऱ्याकडे निघतात. त्या लोंढ्याच्या विरुद्ध शंभर पावले जायला दहा मिनिटे लागतात. त्याऐवजी पुढचा कार्यक्रम सुरू झाल्यानंतर दहा मिनिटांनी भेटायचे ठरवा. तोवर माणसे स्थिरावलेली असतात आणि वाटा मोकळ्या होतात. वेळापत्रक जाहीर झाले की सहाही जणांना ज्याचे फारसे आकर्षण नाही असे दोन-तीन कार्यक्रम शोधा आणि त्यांत भेटीच्या वेळा बसवा. दिवसाला तीन वेळा पुरतात. त्याहून जास्त ठेवल्या तर संगीत ऐकणे बाजूला राहते आणि सगळे घड्याळाच्या मागे धावू लागतात.

आणि भेटीचा नियम असा ठेवा की ठरलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटे थांबायचे आणि मग निर्धास्तपणे आपल्या वाटेने जायचे. एखादी भेट चुकणे म्हणजे संकट नव्हे, हे सहाही जणांनी आधी एकमेकांना मोकळेपणाने सांगितलेले असावे. कोणी पुढे छान जागा मिळवली आहे, ती सोडवत नाही, तर त्याला तो आनंद घेऊ द्यावा. मात्र लागोपाठ दोन भेटींना कोणी आले नाही तर ती काळजीची गोष्ट धरायची आणि शोध सुरू करायचा. ही मर्यादा आधी ठरलेली नसेल तर एक जण दहा मिनिटांतच घाबरतो, दुसऱ्याला तीन तासांनीही काही वाटत नाही, आणि नंतर मैत्रीत कडवटपणा येतो. तुम्ही लिहिले आहे की मागच्या वेळी परतीच्या प्रवासात तिघेही एकमेकांशी नीट बोलत नव्हते. ते मला फार लागले, कारण तुमच्यापैकी कोणाचीच चूक नव्हती. फक्त हा आकडा ठरलेला नव्हता.

शोधताना सगळे एकदम हिंडू लागतात आणि एकमेकांच्या मागेपुढे होत राहतात. एकाने ठरलेल्या कोपऱ्यात उभे राहायचे आणि तेथून अजिबात हलायचे नाही. बाकीच्यांनी शोधायचे आणि दर वीस मिनिटांनी त्याच्याकडे परत यायचे. हरवलेल्या माणसाचा नियम याहून सोपा आहे: त्याने कोणालाही शोधायला जायचे नाही, थेट त्या कोपऱ्यात जायचे.

सहा जणांच्या तीन जोड्या करा आणि जोडी मात्र फुटू देऊ नका. स्वच्छतागृहापर्यंतसुद्धा दोघांनी मिळून जावे. मग हरवायचे झाले तरी एकटे कोणी हरवत नाही आणि चिंतेचा मोठा भाग तिथेच संपतो. जोड्या आवडीनुसार करा, म्हणजे एकाला एका स्टेजवर आणि दुसऱ्याला दुसऱ्या स्टेजवर जायचे आहे अशी ओढाताण होणार नाही. कोल्हापूरच्या मित्राचा फोन जुना आहे आणि बॅटरी टिकत नाही असे तुम्ही लिहिले आहे, तर त्याची जोडी ज्याच्याकडे पॉवर बँक आहे त्याच्याशी जुळवा. गर्दीत फोन सतत टॉवरशी झगडत असतो, त्यामुळे चांगली बॅटरीही एरवीपेक्षा बरीच लवकर उतरते. पॉवर बँक आत नेता येते का हे तिकिटासोबतच्या नियमांत आधी पाहा. आणि इतर पाच जणांचे क्रमांक कागदावर लिहून प्रत्येकाने खिशात ठेवा. फोन बंद पडल्यावर दुसऱ्याच्या फोनवरून लावायला क्रमांक पाठ असावा लागतो, आणि आज तो कोणाच्याच पाठ नसतो.

यंत्रांविषयी तुम्ही विचारलेच आहे, म्हणून थोडक्यात सांगते. वॉकीटॉकीसाठी भारतात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील कमी शक्तीचे, मान्यताप्राप्त सेट २०१८ पासून परवान्याशिवाय वापरता येतात. याबाहेरचे सेट ऑनलाइन सहज मिळाले तरी ते परवान्याविना वापरणे बेकायदा आहे. खोक्यावर लिहिलेले काही किलोमीटरचे अंतर उघड्या माळरानासाठी असते, गर्दीत ते फार आक्रसते आणि स्टेजजवळ तर ऐकूच येत नाही. चुकीच्या पट्ट्यातला सेट आमच्या वाहिनीवर घुसला तर रुग्णवाहिकेसाठीचा निरोप तुटू शकतो, आणि असे निरोप तुटताना मी ऐकले आहेत. म्हणून वॉकीटॉकी आणूच नये असे मी स्पष्टपणे सांगेन. सुरक्षा तपासणीत तो आत सोडतीलच याचाही भरवसा नाही. ब्लूटूथवर फोन ते फोन निरोप नेणारी अ‍ॅप्स कल्पना म्हणून चांगली आहेत, पण माणसाच्या शरीरातले पाणी त्या लहरी शोषून घेते, त्यामुळे दाट गर्दीत त्यांची पोच थोड्याच मीटरांवर येते, आणि मधल्या लोकांकडे तेच अ‍ॅप नसेल तर साखळी जुळत नाही. तुमच्यापैकी दोघांकडे आयफोन १५ किंवा त्यानंतरचे फोन असतील तर जवळ आल्यावर एकमेकांची दिशा दाखवणारी सोय त्यांत आहे आणि ती शेवटच्या काही मीटरांसाठी उपयोगी पडू शकते. लाइव्ह लोकेशनबाबत एवढेच लक्षात ठेवा की फोनला स्वतःची जागा उपग्रहांवरून नेटशिवायही कळते, पण ती तुमच्या मित्राला कळवायला नेटच लागते. नकाशावरचा ठिपका शेवटचा कधी हलला ती वेळ पाहिल्याशिवाय त्याच्यामागे चालू नका. महालक्ष्मी परिसराचा नकाशा आदल्या दिवशी फोनमध्ये उतरवून ठेवा.

आतापर्यंतचे एकत्र सांगायचे तर तुमच्या खिशातल्या चिठ्ठीवर या ओळी असाव्यात: जागा, स्टेजकडे तोंड करून, तीन वेळा, पंधरा मिनिटे थांबणे, दोन भेटी चुकल्या तर शोध, पाच क्रमांक, आणि बाहेरची जागा. या शेवटच्या ओळीबद्दल मी अजून बोललेले नाही, आणि खरी अडचण तिथेच होते.

उघड्या मैदानातला ध्वनिवर्धक रात्री दहाला बंद करावा लागतो, त्यामुळे शेवटचा कार्यक्रम दहाच्या आसपास संपतो आणि सगळे मैदान एकदम बाहेर पडू लागते. त्याच वेळी प्रत्येक जण टॅक्सीचे अ‍ॅप उघडतो, त्यामुळे फोनची सर्वांत वाईट अवस्था याच तासात असते. आतल्या कोपऱ्यात शेवटची भेट ठेवली असेल तर लोंढा ओसरेपर्यंत तिथेच निवांत बसा. पंधरा-वीस मिनिटांनी निघालात तरी फारसा उशीर होत नाही. पण जे आधी बाहेर ढकलले जातील त्यांच्यासाठी बाहेरची जागा हवीच. ती गेटच्या तोंडाशी नको आणि रेल्वे स्टेशनच्या जिन्यावर किंवा पुलावर तर मुळीच नको. महालक्ष्मीपासून दोन स्टेशने पुढे, तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर २९ सप्टेंबर २०१७ रोजी झालेली चेंगराचेंगरी आमच्या कामातले कोणी विसरलेले नाही. अरुंद वाटेवर कोणाची तरी वाट पाहत थांबलेला माणूस मागच्या सगळ्यांसाठी अडथळा होतो आणि स्वतःही धोक्यात येतो. गेटपासून दहा-पंधरा मिनिटे चालून, तुम्हाला परत जायचे आहे त्या दिशेला, रुंद पदपथावरचे एखादे उघडे असणारे दुकान किंवा हॉटेल दिवसा जाताना पाहून ठेवा. तेवढे अंतर तोडले की फोन दुसऱ्या टॉवरवर जातो आणि बहुधा पुन्हा नीट चालू लागतो, हा जास्तीचा फायदा.

हेच आतल्या दाटीलाही लागू आहे. स्टेजपुढे गर्दी इतकी घट्ट झाली की हात वर घेता येत नाहीत आणि धक्का लागला की आपले पाय आपोआप सरकतात, तर मित्र आत राहिले म्हणून परत आत शिरू नका. तिरके चालत कडेला या आणि कोपऱ्यात जा. तेही तिथेच येतील, कारण तसे ठरलेले आहे. कोणाला चक्कर आली, कोणी बेशुद्ध झाले, कोणी त्रास देत असेल, तर भेटीच्या वेळेची वाट पाहू नका. जवळच्या सुरक्षारक्षकाला किंवा स्वयंसेवकाला गाठा. त्याच्या खांद्यावरचा सेट मोबाइलच्या टॉवरवर अवलंबून नसतो आणि तुमचा निरोप तो काही सेकंदांत आमच्या टेबलावर आणतो. अनेकांना ही वाट सुचतच नाही. ते फोन हलवत, रेंज शोधत मौल्यवान वेळ घालवतात. त्याला चार गोष्टी सांगा: नाव, कपडे, शेवटचे कुठे दिसले आणि किती वाजता. मैदानाबाहेर असाल तर ११२ हा क्रमांक आहे.

काही गोष्टी तुमच्याच परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून ठरवता येणार नाहीत. सहाही जणांना दिवसभर एकच स्टेज हवे असेल तर यातली निम्मी व्यवस्था तुम्हाला लागणारही नाही. कोणाला मधुमेह किंवा दमा असेल, तर त्या जोडीसाठी दोन भेटींची सवलत न ठेवता एकच भेट चुकली तरी शोध सुरू करा. मद्यपान होणार असेल तर प्रत्येक दिवशी किमान एक जण पूर्ण शुद्धीत राहील हे आधी ठरवा, आणि शोध घ्यावा लागला तर कोपऱ्यात उभे राहण्याचे काम त्याचेच असू द्या.

शेवटी नाशिकच्या मैत्रिणीविषयी. तिच्या आईला हे जाणे फारसे पसंत नाही आणि मागच्या वेळी त्या रात्रभर फोन लावत होत्या, असे तुम्ही ओघात लिहिले आहे. त्यांना जाण्याआधीच समजावून सांगा की संध्याकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत फोन लागणार नाही आणि त्याचे कारण काय. तिच्या जोडीतल्या व्यक्तीचा क्रमांक आणि मुक्कामाचा पत्ता त्यांच्याकडे लिहून द्या. साडेअकरापर्यंत काळजी करू नका असे त्यांना सांगा, आणि साडेअकराला, गप्पा कितीही रंगलेल्या असोत, पाच जणांनी तिला त्या फोनची आठवण करून द्या.